न दिसणारा मळ

आमच्या शाळेच्या वसतिगृहांत दुपारच्या जेवणाची घंटा दोनदां होत असे. पहिली घंटा हात धुण्याची व दुसरी पानावर बसण्याची. या दोन घंटांच्या मधल्या वेळांत आम्हां मुलांस नळाजवळ रांग धरावी लागे, आणि रांगेच्या शेवटीं, भोजनगृहाच्या दारांत, वसतिगृहाच्या बाई उभ्या असत. प्रत्येकानें आपले हात त्यांच्यापुढें प्रथम पालथे व मग उताणे धरावयाचे, त्यांनीं ते पाहून मान हालविली म्हणजे आंत जावयाचें, असा नेम होता. या नेमांतील पळवाट आम्हीं फार लवकर शोधून काढली. बाईंच्या दृष्टीस हात ओले दिसले कीं पुरे, हें ध्यानांत येतांच साबणाच्या वडीकडे ढुंकूनहि न पाहतां, केवळ बोटांचीं टोकें नळाखालीं धरून आम्ही रांगेंत पुढें सरकूं लागलों.

एके दिवशीं गोट्यांच्या खेळांतील तांबडी माती नखांत तशीच राहिली आणि आम्ही पकडले गेलों. त्याच आठवड्यांत सकाळच्या उपासनेंत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पंधराव्या अध्यायावर प्रवचन झालें होतें. त्याचा आधार घेऊन आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, “बाई, प्रभूचे शिष्यहि हात न धुतां जेवत असत, आणि प्रभूनें त्यांस कांहीं दोष दिला नाहीं.” रांगेंत हंशा पिकला. बाई मात्र हंसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “प्रभु त्या वेळीं परूश्यांस उत्तर देत होता, आळशी मुलांस नव्हे. आणि आज भाकरी वाढण्याची पाळी कोणाची आहे?” पाळी आमचीच होती. “तुझ्या हातची माती तूं एकटा खाणार असतास, तर मी कांहीं बोललें नसतें,” असें म्हणून त्यांनीं आम्हांस पुन्हां नळाकडे धाडलें.

त्या दिवशीं आमच्या वांट्याची भाकरी आम्हांस सर्वांच्या शेवटीं मिळाली. बाईंच्या त्या एका वाक्याचा पुरा अर्थ समजण्यास मात्र पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. तो ज्या रीतीनें समजला तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

इ. स. २०१६ च्या डिसेंबरांत आमच्या आईच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. ती कोणत्या रुग्णालयांत झाली हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जें वैगुण्य सांगावयाचें आहे तें एकाच रुग्णालयाचें नसून थोड्याफार प्रमाणांत साऱ्या जगांतील रुग्णालयांत आढळतें. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. पांच-सहा दिवसांत घरीं जातां येईल असें आम्हांस सांगण्यांत आलें. नाताळास अजून बारा दिवस होते, आणि करंज्यांचें सारण कोणीं व कसें करावयाचें याच्या सूचना आईनें खाटेवरूनच देण्यास आरंभ केला होता.

स्त्रियांच्या त्या दालनांत आठ खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशीं हातांस चोळावयाच्या जंतुनाशक द्रवाची एक बाटली अडकविलेली असे, आणि हात कसे चोळावे याचीं चित्रें भिंतीवर लाविलेलीं होतीं. रोज सकाळीं मोठे डॉक्टर पांच-सहा शिकाऊ डॉक्टरांसह फेरीस येत. ते एका खाटेजवळ थांबत, पट्टी उचलीत, जखमेच्या कडा बोटांनीं दाबून पाहत, धीराचे दोन शब्द बोलत आणि पुढच्या खाटेकडे वळत. त्यांच्या ज्ञानाविषयीं व दयाळूपणाविषयीं आमच्या मनांत तेव्हां संशय नव्हता व आजहि नाहीं. परंतु एके सकाळीं आम्हीं सहज म्हणून मोजून पाहिलें. आठ खाटांची फेरी पुरी होईपर्यंत त्या बाटल्यांस हात लागला तो अवघा तीनदां.

कांहीं बोलावें असें फार वाटलें. “डॉक्टरसाहेब, आईस हात लावण्यापूर्वीं तेवढी बाटली—” असें वाक्य आम्हीं मनांत जुळवूनहि ठेविलें होतें. परंतु ज्यांच्या हातीं आईचें जीवित सोंपविलें, त्यांस हात स्वच्छ करावयास कोणत्या तोंडानें सांगावें? ते रागावले तर? आईकडे त्यांचें दुर्लक्ष झालें तर? असा विचार करीत आम्ही एक दिवस गप्प बसलों, दुसऱ्या दिवशींहि गप्प बसलों, आणि तिसऱ्या दिवशीं ती गोष्ट बोलण्यासारखी आहे असें वाटेनासें झालें.

त्या तिसऱ्या दिवशींची दुसरी एक गोष्ट मात्र आम्हांस आजहि लख्ख आठवते. शेजारच्या खाटेवर खेड्यांतून आलेल्या एक वृद्ध आजी होत्या. मधुमेहामुळें त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. मुलगा मजुरीवर जाई, म्हणून दिवसां त्यांच्याजवळ कोणी नसे. “लेकरा, पाय जरा उशीवर घे रे,” असें त्या म्हणाल्या. आम्हीं त्यांचा पाय उचलून उशीवर ठेविला व सैल झालेली पट्टी बोटांनीं सारखी केली. आजींनीं तोंड भरून आशीर्वाद दिला. तेवढ्यांत आईनें पाणी मागितलें. आम्ही वळलों, तिला पाणी पाजलें, चादर नीट केली, आणि तिच्या पोटावरील पट्टीची सुटूं पाहणारी कड अंगठ्यानें दाबून बसविली. त्या दोन खाटांमध्यें चार पावलांचें अंतर होतें, आणि त्या चार पावलांत दोन बाटल्या होत्या. आम्हीं एकीसहि हात लाविला नाहीं. आपण चांगलें काम करीत आहों एवढेंच त्या वेळीं मनांत होतें. आणि चांगलें काम करणाऱ्या हातांस मळ लागला असेल ही शंका मनांत कशी यावी?

पांचव्या दिवशीं आईस ताप भरला. जखमेच्या कडा लाल झाल्या आणि दुसऱ्या दिवशीं तींतून पू येऊं लागला. तपासणींत स्टॅफिलोकोकस ऑरियस नांवाचा जंतु निघाला, आणि नेहमींचीं औषधें त्यास लागूं पडेनात. टांके काढून जखम उघडी ठेवावी लागली. पांच-सहा दिवसांचे सव्वीस दिवस झाले. नाताळच्या आदल्या सायंकाळीं मंडळींतील मुलांचा गायकवृंद दालनांत गीतें म्हणावयास आला. गाणें संपल्यावर प्रत्येक रुग्णाचा हात हातांत घेऊन शुभेच्छा देत तीं मुलें एका खाटेपासून दुसऱ्या खाटेकडे गेलीं. आईच्या डोळ्यांस आनंदाचें पाणी आलें. आम्ही मात्र त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे न पाहतां त्यांच्या हातांकडे पाहत राहिलों.

तो जंतु कोणाच्या हातांतून आला? डॉक्टरांच्या, शिकाऊ मुलांच्या, कीं आमच्या? याचें उत्तर मिळण्यासारखें नव्हतें. तो जंतु निरोगी माणसांपैकींहि सुमारें एकतृतीयांश माणसांच्या नाकांत वास करून असतो. कदाचित् तो आईच्या स्वतःच्याच कातडीवरून जखमेंत शिरला असेल. चूक कोणाची हें केव्हांहि कळत नाहीं, हेंच या चुकीचें सर्वांत मोठें बळ आहे. चाकू लागला तर रक्त येतें व हात मागें घेतला जातो. येथें स्पर्श आज होतो, ताप चार दिवसांनीं येतो, आणि तोंपर्यंत स्पर्श करणारा आपण कोणास स्पर्श केला हेंहि विसरून गेलेला असतो.

आईच्या उशाशीं बसून काढलेल्या त्या दिवसांत आम्हीं या विषयावर मिळेल तें वाचलें, आणि वाचतां वाचतां इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या वैद्याच्या चरित्रापाशीं येऊन थांबलों. हा १८१८ सालीं हंगेरींतील बुडा नगरांत जन्मला व १८४६ सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागांत साहाय्यक डॉक्टर झाला. तेथें दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत; दुसऱ्यांत सुइणी शिकत. १८४६ या एका वर्षांत पहिल्या विभागांत ४,०१० प्रसूति झाल्या व ४५९ माता मरण पावल्या. दुसऱ्यांत ३,७५४ प्रसूति झाल्या व १०५ माता मरण पावल्या. ज्या ठिकाणीं अधिक विद्या, त्या ठिकाणीं चौपट मरण, असा हा चमत्कार होता. गांवांतील गरीब स्त्रियांस तो पुरता ठाऊक होता. आपणांस पहिल्या विभागांत घालूं नये म्हणून त्या डॉक्टरांच्या विनवण्या करीत.

आपल्याकडे पांचवीच्या रात्रीं सटवी येते व बाळाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहून जाते, अशी जुनी समजूत आहे. बाळंतपणानंतरचे ते पहिले चार-सहा दिवसच सूतिकाज्वराचे, म्हणून त्या रात्रीं आमच्या आज्या-पणज्या दिवा विझूं देत नसत. व्हिएन्नाच्या विद्वानांची समजूतहि याहून फार पुढें गेलेली नव्हती. कोणी हवेंतील दोष सांगे, तर कोणी बायकांच्या मनांतील भीति. मरणोन्मुख स्त्रीस अखेरचा संस्कार देण्यास जाणारा धर्मगुरु घंटेसह पहिल्या विभागांतून जातो, त्या घंटेच्या धसक्यानें इतर बायका आजारी पडतात, असेंहि एक मत होतें. सेमेलवाइसनें विनंति करून ती घंटा बंद करविली व धर्मगुरूची वाट बदलविली. मृत्यु थांबले नाहींत.

१८४७ च्या मार्चांत त्याचा मित्र प्राध्यापक कोलेच्का हा मरण पावला. शवविच्छेदन शिकवीत असतां एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटास लागली होती. त्याच्या शवाच्या तपासणीचा अहवाल वाचतांना सेमेलवाइसच्या ध्यानांत आलें कीं, हा पुरुष ज्या विकारानें गेला तोच विकार आपल्या विभागांतील बाळंतिणींस होतो. मग सारा उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं शवविच्छेदन करीत आणि तेच हात घेऊन प्रसूतिविभागांत येत. सुइणी शवांस शिवत नसत. साबणानें धुतल्यावरहि हातांचा शवगंध जात नाहीं, हें पाहून त्यानें मे महिन्याच्या मध्यापासून दारांत क्लोरीनयुक्त चुन्याचें पाणी ठेविलें व त्यांत हात धुतल्यावांचून कोणीहि आंत येऊं नये असा नियम केला. एप्रिलांत शंभर मातांमागें अठरांहून अधिक मरत होत्या. जूनमध्यें हें प्रमाण शंभरीं दोनाच्या जवळपास आलें.

या वृत्तांतांतील पुढची एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात, आणि आम्हांस तीच सर्वांत अधिक लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्या विभागांत गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडित अशी एक स्त्री आली. तिच्या व्रणांतून सतत स्राव होत असे. जेथून रोजच्या तपासणीस आरंभ होई त्याच पहिल्या खाटेवर तिला ठेविलें होतें. दारांतून येतांना सर्वांनीं नियमाप्रमाणें क्लोरीनच्या पाण्यानें हात धुतले होते. परंतु तिला तपासल्यावर त्यांनीं केवळ साबणानें हात धुतले व ते पुढच्या खाटांकडे वळले. त्या सुमारास प्रसूत होणाऱ्या बारा स्त्रियांपैकीं अकरा मरण पावल्या. दारांत एकदां शुद्ध होऊन आंत येणें पुरेसें नसतें. एका माणसापासून दुसऱ्या माणसाकडे जातांना पुन्हां शुद्ध व्हावें लागतें, हें सेमेलवाइस त्या दिवशीं शिकला. हें वाचतांच आम्हीं पुस्तक मिटलें. पहिल्या खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंतचीं तीं पावलें आम्हांस चांगलीं परिचयाचीं होतीं.

१८४८ सालीं, प्रत्येक रुग्णागणिक हात धुण्याचा नियम लागूं झाल्यावर, त्या विभागांत ३,५५६ प्रसूति होऊन ४५ माता मरण पावल्या. वास्तविक एवढ्यानें जगाचें समाधान व्हावयास पाहिजे होतें. परंतु तसें झालें नाहीं. हें खरें मानावयाचें तर आजवर गेलेल्या स्त्रिया आपल्याच हातांनीं गेल्या हेंहि मानावें लागतें, आणि तें कबूल करण्यास फार थोडे डॉक्टर तयार होते. सेमेलवाइसनें तें कबूल केलें. त्यानें स्वतः इतरांहून अधिक तळमळीनें शवविच्छेदनें केलीं होतीं. आपल्यामुळें किती स्त्रिया अकालीं मृत्युमुखीं पडल्या हें एका देवासच माहीत, अशा अर्थाची कबुली त्यानें १८६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. व्हिएन्नांतील त्याची नेमणूक १८४९ सालीं पुढें चालविली गेली नाहीं. पुढें पेस्ट येथें त्यानें तेंच काम केलें. विरोधकांस कडक व अखेरीस असंबद्ध होत गेलेलीं पत्रें लिहिलीं. आणि १८६५ च्या ऑगस्टांत, वेड्यांच्या रुग्णालयांत, जखम चिघळून रक्तांत विष भिनल्यानें वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं तो मरण पावला. १८७९ सालीं पाश्चरनें सूतिकाज्वराचे जंतु पॅरिस येथील वैद्यकसभेस दाखविले, तेव्हां सेमेलवाइसला जाऊन चौदा वर्षें झालीं होतीं.

आतां जंतु कोणत्याहि शाळेच्या प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयास मिळतात. तेव्हां आज तरी सर्वत्र हात धुतले जात असतील असें वाचकांस वाटेल. जिनीव्हा येथील रुग्णालयांत डिडिए पिटे या डॉक्टरांनीं १९९४ पासून या प्रश्नाचा शोध घेतला. आरंभीं त्यांस असें आढळलें कीं, हात स्वच्छ करणें अवश्य असे शंभर प्रसंग आले तर त्यांपैकीं अठ्ठेचाळीस प्रसंगींच तें केलें जातें. परिचारिकांपेक्षां डॉक्टर अधिक चुकत, आणि काम जितकें अधिक व निकडीचें तितकी चूक अधिक होई. या शेवटच्या गोष्टीचा न्यायबुद्धीनें विचार केला पाहिजे. दूरच्या नळाशीं जाऊन, साबण लावून, हात पुसून परत येण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागतो. एकटीवर अनेक रुग्णांचा भार असलेल्या परिचारिकेनें दिवसांतून कितीदां जावें? म्हणून पिटे यांनीं मद्यार्कयुक्त द्रवाच्या बाटल्या थेट खाटेजवळ आणून ठेविल्या. तो द्रव वीस-तीस सेकंद चोळला कीं काम होतें. १९९७ पर्यंत अठ्ठेचाळिसाचे सहासष्ट झाले, आणि रुग्णालयांतच संसर्ग जडलेल्या रुग्णांचें प्रमाण १९९८ पर्यंत शंभरीं १६.९ वरून ९.९ वर आलें. २००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग ठरवून दिले: रुग्णास स्पर्श करण्यापूर्वीं; जखम, सुई, नळी यांसारख्या नाजूक कामापूर्वीं; रक्त, पू इत्यादि लागण्याचा संभव आल्यावर; रुग्णास स्पर्श केल्यावर; आणि त्याच्या खाटेस वा सामानास हात लाविल्यावर. तरीहि त्याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें श्रीमंत देशांत शंभर रुग्णांपैकीं सात व गरीब आणि मध्यम देशांत पंधरा रुग्ण, ज्या विकारासाठीं ते आले त्याहून निराळा असा एक तरी संसर्ग रुग्णालयांतच पदरीं घेतात. आमची आई त्या पंधरांपैकीं एक होती.

बाटली जवळ आणली तरी ती विसरली कां जाते? याविषयीं दोन शोध आम्हांस फार बोधप्रद वाटले. कॅनडांतील टोरोंटो येथें बाटल्यांस विद्युत्-गणकें जोडून पाहिलें असतां, २०१४ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तपासनीस दृष्टीच्या टप्प्यांत असला म्हणजे हात स्वच्छ करण्याचें प्रमाण सुमारें तिप्पट होतें. हें वाचून आम्हांस वसतिगृहाचा नळ आठवला. दुसरा शोध अमेरिकेंतील, २०११ सालचा. तेथें कांहीं बाटल्यांवर, हात स्वच्छ केल्यानें तुमचे रोगापासून रक्षण होतें अशी पाटी लाविली, व कांहींवर, हात स्वच्छ केल्यानें रुग्णांचें रक्षण होतें अशी. भेद तेवढ्याच शब्दाचा. पहिल्या पाटीचा परिणाम झाला नाहीं, दुसरीचा झाला. आपणांस कांहीं होणार नाहीं असें प्रत्येकास आंतून वाटतच असतें. दुसऱ्याची आठवण करून दिली तर मात्र हात बाटलीकडे जातो. आम्हांस वाटतें, बाईंनीं त्या दुपारीं वाढण्याची पाळी कोणाची हें विचारलें, त्यांत हाच शोध होता.

असो. आईच्या तिसऱ्या आठवड्यांतील एक सकाळ सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. त्या दिवशीं दालनांत एक नवी शिकाऊ परिचारिका आली होती. वय एकोणीस-वीस, अंगानें किरकोळ, आणि गणवेष इतका नवा कीं त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. मोठे डॉक्टर नेहमींप्रमाणें शेजारच्या आजींचा पाय पाहून आईच्या खाटेकडे वळले व पट्टीकडे हात नेऊं लागले. इतक्यांत त्या मुलीनें बाटली काढून त्यांच्यापुढें धरली व अगदीं हलक्या आवाजांत म्हटलें, “सर, हात.”

दालनांत एकदम शांतता झाली. शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे पाहूं लागले. आमच्या छातींत धस्स झालें. कारण जें वाक्य आम्ही तीन दिवस जुळवीत बसलों व जें आमच्यानें उच्चारवलें नाहीं, तें या पोरीनें दोन शब्दांत उच्चारलें होतें. डॉक्टरांनीं तिच्याकडे क्षणभर पाहिलें. मग त्यांनीं दोन्ही हात पुढें केले व म्हणाले, “थँक यू, सिस्टर. रोज आठवण करा.” त्यांच्यामागून सर्व शिकाऊ डॉक्टरांनींहि हात पुढें केले. हा मोठेपणा आम्ही विसरूं शकत नाहीं. आम्ही ज्याच्या रागाची एवढी धास्ती घेतली होती तो माणूस रागावला नाहीं. तो केवळ विसरला होता.

फेरी पुढें गेली. ती मुलगी मात्र बाटली घेऊन आमच्याकडे वळली व म्हणाली, “काका, तुम्हीपण.” आम्हीं हात पुढें केले, प्रथम पालथे व मग उताणे.

२०२० सालच्या साथींत सारें जग दारोदारीं हात धूत होतें. ती स्वतःच्या जिवाची भीति होती. भीति ओसरली तशा आम्हीं पाहिलेल्या कित्येक दारांतील बाटल्या रिकाम्या झाल्या व पुन्हां भरल्या गेल्या नाहींत. भीतीनें धुतलेले हात भीति संपेपर्यंतच स्वच्छ राहतात. पिलातानेंहि लोकांसमक्ष हात धुतले होते. परंतु ते एका माणसाची जबाबदारी टाळण्यासाठीं धुतलेले हात होते. रुग्णाच्या खाटेपाशीं हात धुणें हें याच्या नेमकें उलट आहे. जो माणूस आपल्यामुळें आजारी पडला हें आपणांस कधींहि कळणार नाहीं, आणि जो आपल्यामुळें वांचला हेंहि कधीं कळणार नाहीं, त्याची जबाबदारी पत्करणें, असा तेथें हात धुण्याचा अर्थ आहे. त्याचे आभार कोणी मानीत नाहीं. मानील तरी कोण? जो ताप आलाच नाहीं त्याची नोंद कोठल्या वहींत असणार?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांपैकीं कांहीं पुढें डॉक्टर व परिचारिका होतील, कांहीं रुग्णालयाच्या दालनांत झाडलोट करतील. सर्वांस केव्हां ना केव्हां कोणाच्या तरी उशाशीं बसावें लागेल. त्या वेळीं आमच्याप्रमाणें चार पावलें तशींच चालून जाऊं नका, आणि आमच्याप्रमाणें गप्पहि बसूं नका. वयानें वा विद्येनें मोठा असलेला माणूस विसरला तर त्यास नम्रपणें दोन शब्द सांगावे. आणि आपणांस कोणी लहानानें सांगितलें तर त्या डॉक्टरांप्रमाणें हात पुढें करावे. दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण आहे.

आई पुढें बरी झाली. पोटावरची खूण मोठी राहिली आहे. आतां घरांत कोणी आजारी असलें म्हणजे ती दाराजवळ खुर्ची घेऊन बसते व येणाऱ्या प्रत्येकास मोरीचा रस्ता दाखविते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या मुलास ताप होता, म्हणून पाळकसाहेब प्रार्थनेस आले. आईनें त्यांस नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि मग म्हणाली, “साहेब, बाळाच्या डोक्यावर हात ठेवण्याआधीं तेवढे हात धुऊन या.” आम्ही ओशाळलों. पाळकसाहेब हंसत उठले व मोरीकडे गेले. साबणाची वडी ओली होती. आमच्या नंतर ते दुसरे होते.